जादूची किंमत कोण मोजतं?

मूल जादूगारांची नाहीतर भुतांची जाडजूड कादंबरी घेऊन सोप्यात बसलं, की घरातली मोठी माणसं ठरलेले दोन प्रश्न विचारतात. आजोबांचा प्रश्न, "असलं खरं असतंय काय रे?" आईचा प्रश्न, "यातनं शिकलास काय?" पोरगं पहिल्याला "नाही" म्हणतं, दुसऱ्याला "खोटं बोलू नये" असं काहीतरी ठोकून देतं आणि परत पुस्तकात डोकं खुपसतं. मोठ्यांना उत्तर मिळाल्याचं समाधान, त्याला सुटल्याचं. पुस्तकाबद्दल मात्र कोणी काहीच बोललेलं नसतं.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातले आई-वडील, शिक्षक आणि गावोगावची वाचनालयं चालवणारी माणसं यांच्यासाठी हे लिहितो आहे. नऊ-दहा ते चौदा-पंधरा या वयातल्या मुलांबरोबर अद्भुतरम्य कादंबरी वाचायची कशी, तिच्यात चांगलं काय आणि फसलेलं काय हे ओळखायचं कसं, एवढाच विषय. माझं म्हणणं थोडक्यात असं, की अशा पुस्तकाला एकच प्रश्न विचारावा आणि तो शेवटपर्यंत सोडू नये: इथली जादू कोणत्या नियमाने चालते, आणि तिची किंमत कोण मोजतं?

वेताळाचा करार

नियमांची नजर मुलांना शिकवावी लागत नाही. गल्लीतलं क्रिकेट बघा. पाटलांच्या कौलांवर चेंडू गेला तर आऊट, एक टप्पा झेल चालतो, गटारात गेला तर मारणाऱ्यानेच काढायचा. नियम कितीही विचित्र असो, एकदा ठरला की ठरला, मध्येच कोणी बदलला तर "तसं कसं की?" म्हणून डाव मोडतो. कादंबरीतल्या जादूकडे मूल याच नजरेनं बघतं. आपण फक्त त्या नजरेला काम द्यायचं.

सुरुवात वेताळापासून करा. आजच्या आजी-आजोबांना 'चांदोबा' आठवत असेल. मद्रासहून १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेलं हे मासिक मराठीत १९५२ पासून येऊ लागलं. कन्नडमध्ये ते 'चंदमामा' या नावानं त्याआधीच पोचलं होतं. त्यामुळे बेळगावातल्या एकाच वाड्यातली मराठी आणि कन्नड पोरं एकच गोष्ट आपापल्या भाषेत वाचत, चित्रंसुद्धा तीच. खांद्यावर प्रेत घेतलेला, हातात तलवार उपसलेला विक्रम ज्यानं एकदा पाहिला त्याला तो कायमचा आठवतो.

त्या गोष्टीतला करार मुलाला नीट समजावून सांगा. राजानं प्रेत वाहून न्यायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही. वाटेत वेताळ गोष्ट सांगणार आणि शेवटी प्रश्न विचारणार. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील. बोललास तर मौन मोडलं, मी चाललो परत झाडावर. दोन्हीकडून राजा अडकला. तरीही तो सुटतो. वेताळ पंचविशीच्या शेवटी वेताळ असा काही गुंत्याचा प्रश्न विचारतो, की राजाला उत्तर खरोखरच येत नाही. म्हणून तो गप्प राहतो आणि डोकंही शाबूत राहतं. देव धावून आला नाही, नियम कोणी मोडला नाही. नियमातच एक फट होती आणि गोष्टीनं ती शेवटपर्यंत जपून ठेवली होती.

इथं थांबा आणि विचारा, "राजा सुटला कसा?" ज्या मुलाला ती फट स्वतःहून सापडली, त्याला पुढं कुठल्याही कादंबरीचा शेवट तपासता येईल. ज्याला सापडली नाही त्याला लगेच सांगून टाकू नका. दोन दिवस जाऊ देत.

दोन घागरी पाणी

किंमत म्हणजे काय, हे समजायला दुसरी एक गोष्ट घ्यावी. ती कन्नड आहे. ए. के. रामानुजन पुढं शिकागोला गेले आणि जगभर नावाजले, पण १९५०च्या दशकात ते बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. बायकांनी चुलीपाशी आणि अंगणात सांगितलेल्या कन्नड लोककथा टिपून ठेवण्याचं मोठं काम त्यांनी केलं. त्यांच्या पश्चात १९९७ साली जो संग्रह निघाला, त्याला नाव दिलं आहे ते फुलणाऱ्या झाडाच्या गोष्टीचं.

गरिबाघरची मुलगी. अंगावर एक घागर पाणी ओतलं की तिचं फुलांनी लगडलेलं झाड होतं. दुसरी घागर ओतली की ती परत मुलगी. अट एकच, फुलं हलक्या हातानं तोडायची, फांदीला, पानाला धक्का लावायचा नाही. बहिणी-बहिणी फुलं विकून घर चालवतात. राजपुत्राला त्या फुलांचं गुपित कळतं, तो तिच्याशी लग्न करतो. मग एक दिवस नणंद मैत्रिणींना घेऊन येते आणि तिला झाड व्हायला भाग पाडते. पोरी फुलं ओरबाडतात, फांद्या मोडतात, पाणी कसंतरी ओततात आणि पळून जातात. मागं उरतं ते हातपाय नसलेलं अर्धं शरीर. पुढं नवऱ्याच्या हातून मोडलेल्या फांद्या सांधल्या जातात, पाणी ओतलं जातं, ती पुन्हा माणूस होते.

गिरीश कार्नाडांनी याच गोष्टीवर 'चेलुवी' हा चित्रपट १९९२ साली केला, त्यात नायिका होती आपली सोनाली कुलकर्णी. चित्रपटाचा शेवट लोककथेइतका दयाळू नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आधी गोष्ट सांगून मग तो दाखवावा, आणि कुठला शेवट पटला ते त्यांनाच भांडून ठरवू द्यावं.

या गोष्टीवर विचारायचे प्रश्न बघा. फुलं कोणाला मिळाली? पैसे कोणाला मिळाले? मजा कोणी केली? आणि मोडलं कोणाचं शरीर? दहा वर्षांची मुलगीही पटकन सांगते, की जादू हिची, फायदा दुसऱ्यांचा आणि दुखणं पुन्हा हिचंच. 'दुसऱ्याला त्रास देऊ नये' या तात्पर्यापेक्षा ही समज कितीतरी खोल गेलेली असते, आणि ती तिची तिनं मिळवलेली असते.

आता कादंबरी हातात घ्या. उदाहरण सर्वांच्या ओळखीचं घेऊ. जे. के. रोलिंगचं पहिलं पुस्तक इंग्रजीत १९९७ साली आलं. भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं ते मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं आणलं. त्यातल्या जंगलात एकशिंगी शुभ्र घोड्याचं रक्त पिणारं कोणीतरी हिंडत असतं. ते रक्त मरणाच्या दारातल्या माणसालाही जगवतं, पण एवढ्या निष्पाप जीवाला मारल्यामुळे पिणाऱ्याच्या वाट्याला शापित, अर्धंमुर्धं जगणं येतं. वर मिळाला आणि त्याच घोटात शापही. मुलांना ही अट फार नीट लक्षात राहते, कारण ती न्यायाची वाटते.

त्याच पुस्तकात मनातली सर्वांत खोल इच्छा दाखवणारा आरसा आहे. पोरक्या हॅरीला त्यात आई-बाप दिसतात. आरसा दुष्ट नाही, कोणाला मारत नाही. पण त्याच्यासमोर बसून राहिलेली माणसं झिजत गेली, असं हॅरीला सांगितलं जातं. शेवटी परीस लपवला जातो तो याच आरशात, आणि अट अशी, की ज्याला तो शोधायचा आहे पण वापरायचा नाही त्यालाच तो मिळेल. अमर होऊ पाहणारा हातपाय आपटतो आणि काहीच हाव नसलेल्या पोराच्या खिशात दगड अलगद येऊन पडतो. वेताळाच्या शेवटच्या प्रश्नाला शोभेल अशी ही फट आहे. मुलानं ती ओळखली की त्याला म्हणावं, "विक्रम आठवला का?" बहुतेकदा आठवलेला असतो.

मोठ्यानं वाचा, दोन भाषांत वाचा

आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत एक अडचण असते, ती मला सोय वाटते. नातू इंग्रजी शाळेत, त्याला मराठी वाचायला कंटाळा. आजीला मराठी वाचनाची हौस, इंग्रजी येत नाही. आणि गल्लीत दोघांचंही बोलणं कन्नडमिश्रित. अशा घरात एकाच कादंबरीच्या दोन प्रती आणाव्यात, एक इंग्रजी, एक मराठी. एक प्रकरण नातवानं वाचून आजीला आपल्या शब्दांत सांगायचं, पुढचं आजीनं मराठीत मोठ्यानं वाचायचं. सांगताना नातू जे गाळतो, ते त्याला कळलेलं नसतं किंवा आवडलेलं नसतं. दोन्ही गोष्टी आपल्याला कळायला हव्यात. आणि आजी हेल काढून, थांबून, आवाज चढवून वाचते तेव्हा भाषा नुसती डोळ्यांतून जात नाही, कानात राहते.

मराठी शाळेतल्या मुलाचं उलट असतं. त्याच्यापाशी कन्नड असतं, कारण शाळेत ते शिकावंच लागतं. त्याला कन्नड गोष्टींकडं जाऊ द्या. चंद्रशेखर कंबार हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे. त्यांच्या नाटकांत लोककथा आणि अद्भुत मुरलेलं आहे. सीमाप्रश्नाबद्दल घरात जे काही मत असेल ते असू दे, गोष्टींना त्या रांगेत उभं करू नये.

वाचायची वेळ रोज अर्ध्या तासापेक्षा लांबवू नका. प्रकरण संपवण्याचा हट्ट नको, पण दहाच्या आतल्या मुलाबरोबर रात्री वाचत असाल तर दाराबाहेर पावलं वाजली अशा ठिकाणी पुस्तक कधीही मिटू नका. दोन पानं पुढं जा, पावलं कोणाची ते कळू द्या, मग दिवा मालवा.

भीती वाटली तर

भीती वाटणारच. ती नको असेल तर हा प्रकारच नको. मुलाला भीती वाटली की आपण सवयीनं "अरे, खोटं असतंय ते" म्हणतो. त्यानं भीती जात नाही, फक्त सांगायची चोरी होते. त्यापेक्षा विचारा, "ते भूत काय करू शकतं आणि काय करू शकत नाही?" चकव्याची गोष्ट प्रत्येक गावात असते. चकवा वाट चुकवतो, गोलगोल फिरवतो, पण उजाडलं की त्याचं काही चालत नाही. मुंजा पिंपळ सोडत नाही. आपल्या आज्यांनी प्रत्येक भुताला हद्द आखून दिली होती, आणि हद्द असलेल्या भीतीबरोबर मूल राहू शकतं. चांगली कादंबरी तेच करते. ज्या पुस्तकातला दुष्ट काहीही करू शकतो, कधीही, कुठंही, ते पुस्तक मुलाला नुसतं छळतं. ते बाजूला ठेवायला हरकत नाही.

काही घरांत भीती वेगळी असते: असलं वाचून पोरगं अंगारे-धुपारे, भानामतीवर विश्वास ठेवायला लागेल. ही काळजी हसण्यावारी नेऊ नये. अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली आणि कर्नाटकात २०१७ साली कायदे करावे लागले ते उगीच नाही. पण मुलाला फरक दाखवता येतो. कादंबरीतला जादूगार पहिल्या पानापासून सांगतो, की ही गोष्ट आहे. भोंदूबाबा सांगतो, की हे खरं आहे, आणि पुढं पैसे मागतो. कादंबरीतल्या जादूला नियम असतो, तो वाचकाला तपासता येतो; बाबाचा उपाय फसला तर तुमची श्रद्धा कमी पडलेली असते. माझा अनुभव असा, की गोष्टीत जादूचे नियम तपासायची सवय लागलेली मुलं बाहेरच्या जादूला जास्तच आडवे प्रश्न विचारतात.

पुस्तक निवडताना

वाचनालयात किंवा दुकानात उभं राहून अद्भुत कादंबरी निवडायची असेल तर मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका, तिथं प्रत्येक पुस्तक थरारकच असतं. पहिली अशक्य गोष्ट कुठल्या पानावर घडते ते शोधा आणि ते पान वाचा. 'परीस'मध्ये ड्रिल बनवणाऱ्या कंपनीतला एक रटाळ, टापटिपीचा माणूस सकाळी कामाला निघतो आणि त्याला कोपऱ्यावर नकाशा वाचत बसलेलं मांजर दिसतं. तो स्वतःला समजावतो, की भास झाला. त्या माणसाचा टाय, त्याची गाडी, त्याचं चिडकं पोरगं हे सगळं आधी पक्कं उभं केलेलं असतं, म्हणून मांजर खरं वाटतं. जिथं पहिल्याच ओळीपासून सोनेरी धुकं, निळा प्रकाश आणि गूढ संगीत आहे, तिथं लेखकाला आपल्या जादूवर भरवसा नाही असं समजा.

भोवतालचं वास्तव किती बारकाईनं पाहता येतं, याचा नमुना हवा असेल तर प्रकाश नारायण संतांचा लंपन वाचा. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' या पुस्तकांत जादू कुठंच नाही. पण आपल्याच भागात आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या त्या पोराला रस्ते, झाडं, माणसं जशी दिसतात तसं पाहता आलं, तरच त्या रस्त्यावर उद्या एखादं भूत उभं करता येईल. बारा वर्षांच्या मुलाला लंपन आणि हॅरी लागोपाठ वाचायला द्या. कुणाचं जग जास्त अद्भुत वाटलं ते विचारा. उत्तर ऐकून चकित व्हाल.

फसलेली कादंबरी ओळखण्याच्या खुणा फार नाहीत. शेवटी नायकाला अचानक एक नवी शक्ती मिळते, जिचा आधी कुठं उल्लेख नव्हता. खलनायकाला दुष्टपणाखेरीज दुसरं काही हवंच नसतं. दर दहा पानांनी कोणीतरी म्हातारा उपदेश करतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे शेवटच्या पानावर "तेवढ्यात त्याला जाग आली". तीनशे पानं वाचलेल्या मुलाची ही फसवणूक आहे. लुईस कॅरलच्या ॲलिसला ते शोभलं, कारण तिथला सगळा कारभारच स्वप्नाच्या तर्कानं चालतो. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

मराठीत या प्रकारची मूळ कादंबरी विरळ का, असं कोणी विचारील. खरं तर आपली सुरुवातीची कादंबरी बरीचशी अद्भुतातच रमलेली होती. १८६१ची 'मुक्तामाला', १८६८ची 'मंजुघोषा' या अद्भुतरम्यच होत्या. पुढं नाथमाधवांच्या 'वीरधवल'नं पिढ्यांना झपाटलं. मग वास्तववादाचं वारं आलं आणि राक्षस, चेटकिणी, गुप्त भुयारं ही सगळी मंडळी 'पोराटोरांची' म्हणून मागच्या दारानं बाहेर गेली. त्यांना बालरंगभूमीवर मानानं परत आणलं रत्नाकर मतकरींनी. 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' बघितलेलं मूल चेटकिणीला घाबरतही नाही आणि विसरतही नाही. नारायण धारप वाचनालयांतून आजही फाटेपर्यंत वाचले जातात, पण त्यांची भयकथा पंधराच्या आतल्या मुलाला देऊ नये असं मला वाटतं. आधी भुताच्या हद्दी कळू देत, मग हद्दी ओलांडणारी भुतं.

बिम्मला हा नियम लागू नाही

इथवर जे सांगितलं त्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. जी. ए. कुलकर्णी चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, बेळगावात वाढलेले, धारवाडच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले. 'काजळमाया'साठी मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार परत करणारे, नियतीच्या काळ्याभोर कथा लिहिणारे जीए. त्यांनी अखेरच्या वर्षांत लहानग्यांसाठी दोन पुस्तकं लिहिली, 'बखर बिम्मची' आणि 'मुग्धाची रंगीत गोष्ट'. बिम्मच्या जगात प्राणी-पक्षी बोलतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तिथं जादूला नियम शोधू नका. किंमतही विचारू नका. पाच-सात वर्षांच्या मुलाला सगळं जग तसंच असतं. कावळा बोलला तर त्याला नवल नाही, कावळा बोलला नाही तर तो रुसलाय असं वाटतं. बिम्म वाचताना फक्त मुलाला मांडीवर घ्या आणि सावकाश वाचा. प्रश्न मुलंच विचारतील, आणि त्यातल्या निम्म्यांना उत्तर नसेल.

नियम आणि किंमत यांचा खेळ सुरू होतो तो दहाच्या आसपास, मूल स्वतः शाळेतले, घरातले, गल्लीतले नियम घासून बघायला लागतं तेव्हा. त्याआधी तो लादला तर वाचनाची चवच जाते.

रसग्रहण लिहायचं तर

शाळेत पुस्तकावर लिहायला सांगतात तेव्हा मुलं सगळी गोष्ट लिहून काढतात आणि शेवटी "मला हे पुस्तक खूप आवडले" असं ठेवून देतात. शिक्षकांना माझी विनंती, की गोष्ट तीन वाक्यांत सांगायची अट घाला. उरलेल्या पानात एकच नियम, एकच किंमत आणि एकच प्रसंग. फुलणाऱ्या झाडावर सातवीतल्या मुलीनं लिहावं ते असं काहीतरी: 'या गोष्टीत झाड होणं ही शिक्षा नाही, तिला ते आवडतं. पण झाड झाल्यावर तिला नाही म्हणता येत नाही. म्हणून ती कोणासमोर झाड होते हे महत्त्वाचं आहे. नणंदेनं फांद्या मोडल्या ते मला दुष्टपणापेक्षा घाईचं वाटलं. घाईतही माणूस मोडतो.' अशा पाच वाक्यांना मी पैकीच्या पैकी गुण देईन, मग शुद्धलेखनाच्या चार चुका असल्या तरी.

लिहायला उत्साह असेल तर पुढची पायरी म्हणजे स्वतःचं अद्भुत रचणं. परदेशातला किल्ला आणि बर्फ नको. रोजची जागा द्या. येळ्ळूरचा राजहंसगड. निपाणीतली बंद पडलेली तंबाखूची वखार, आत गेलं की अजून नाकाला झोंबणारी. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, छतावर दगडाचं कमळ. राकसकोपचं धरण, ज्याच्या नावातच निम्मी कादंबरी आहे. खानापूरच्या भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहा, जिथलं एक वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. हे खरं आहे, रचलेलं नाही, आणि मुलांना सांगितलं की ती ताठ बसतात. यातली एक जागा, तिथं घडणारी एकच अशक्य गोष्ट, तिचा एक नियम आणि ती किंमत मोजणारा एक माणूस. एवढं एका पानात. पाच मुलांनी लिहिलं तर त्यांना एकमेकांचे कागद द्या आणि दुसऱ्याच्या नियमातली फट शोधायला सांगा. वर्गात गोंधळ होईल, होऊ दे.

पुस्तकं मिळवायला फार लांब जावं लागत नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. मुलाला तिथं स्वतःच्या हातानं पुस्तक निवडू द्या, तुम्ही मागं उभे राहा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा इथं मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथं भाषणं ऐकायला जाता तसे पोरांना घेऊन पुस्तकांच्या मांडणीकडंही वळा. निपाणीकरांना कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर. टोल्किनचा 'हॉबिट' मराठीत आहे, त्याच्या पुढचं त्रिखंड 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मुग्धा कर्णिकांनी आणलं आहे. तिथं अंगठी बोटात घातली की माणूस अदृश्य होतो, आणि घालणाऱ्याचं काय होतं ते बाराशे पानं हळूहळू उलगडतं. तेराच्या पुढच्या मुलांना ती पानं जड होत नाहीत, आपल्यालाच होतात.

आणि बिम्म ऐकत वाढलेलं मूल सोळा-सतरा वर्षांचं झालं, की त्याच्या हातात जीएंचाच 'पिंगळावेळ' ठेवा. त्यात 'ऑर्फियस' आहे. आधी मूळ ग्रीक कथा सांगायची: मेलेल्या बायकोला पाताळातून परत नेता येईल, पण वर पोचेपर्यंत मागं वळून बघायचं नाही. ही अट त्याला एकदा ठाऊक झाली की पुस्तक द्यायचं आणि खोलीतून निघून जायचं.